जुन्या १६१३चे इंजिन बांधून घ्यावे की दुसरे बसवावे?

डिचोलीकर (२ जून)

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या घरी वडिलांच्या नावावर २००५ सालचा टाटा १६१३ टिपर आहे. त्याचे इंजिन सहा सिलिंडरचे ६९७ टर्बो आहे आणि डिझेल पंप मायकोचा इनलाइन आहे. खनिज वाहतुकीसाठी घेतलेला हा ट्रक सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद पडल्यावर बराच काळ अंगणात उभा होता. त्यानंतर तो चिरे, खडी आणि मातीच्या भाड्याला लागला आणि आजही त्यावरच आमचे घर चालते. इंजिनाचे एक फुल काम (सगळे उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधणे) खाणींच्या काळात झालेले आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर इंजिन ऑइल खाऊ लागले. सकाळी चालू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर सतत येतो आणि भरलेल्या गाडीने चढ चढल्यावर आयडलला ऑइल प्रेशरचा काटा अगदी खाली बसतो. धूर निळसर आहे. पाणी मात्र कमी होत नाही आणि गाडी तापतही नाही.

माझ्यासमोर चार मार्ग आहेत. ओळखीच्या मेस्त्रींकडे इंजिन उतरवून लायनर (सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळी), पिस्टन, बेअरिंग, हेड असे सगळे काम करून घेणे हा पहिला. त्यांनी मोघम दीड लाख सांगितले आहेत. भंगारातील ट्रकचे चालू इंजिन आणून बसवणे हा दुसरा, आणि तो वीस-तीस हजारांनी स्वस्त पडेल असे दिसते. कंपनीचे रिकंडिशन केलेले इंजिन बदली तत्त्वावर घेणे हा तिसरा. ट्रकच काढून टाकणे हा चौथा, पण वडिलांच्या मनात तो नाही. पावसाळ्यात भाडे कमी असते, त्यामुळे चतुर्थीच्या आधी काम पुरे व्हावे अशी इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी आपले मत द्यावे.

उसगावचा चालक (२ जून)

इंजिन उतरवण्याआधी सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळे सारखेच खाली आले असतील तर ती एकंदर झीज आहे. एकच सिलिंडर मागे पडला असेल तर गोष्ट वेगळी असू शकते.

चोर्ला घाट (२ जून)

मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने लिहितो. व्यावसायिक ट्रक उभा राहिला की हप्ता, चालकाचा पगार आणि विमा थांबत नाही. इंजिन बांधायला दिले की ते आधी मेस्त्रीकडे, मग लेथवर, मग किटची वाट पाहत आणि शेवटी पुन्हा मेस्त्रीकडे असे फिरत राहते. चालू स्थितीतले इंजिन मिळाले तर दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर येते. माझ्या चुलतभावाने बेळगावहून आणलेले ६९७ आजही घाटात भरलेली गाडी ओढत आहे. विकत घेताना ते आपल्यासमोर चालू करून दाखवायला लावा, ब्रीदरवर हात धरून पाहा आणि चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडून दोन बेअरिंगच्या कॅप काढायला सांगा. विक्रेता या शेवटच्या गोष्टीला नकार देत असेल तर तिथून निघून यावे.

लेथमास्तर फोंडा (३ जून)

चोर्ला घाट यांनी चेंबर उघडण्याची जी अट सांगितली ती फार योग्य आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. डिचोलीकर, आपला प्रश्न वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हे इंजिन गेले कशाने, हे आपण लिहिलेले नाही. त्याचे उत्तर मिळेपर्यंत बांधलेले इंजिन बसवा नाहीतर दुसऱ्या गाडीचे बसवा, त्यालाही तेच दुखणे लागेल.

एक फुल काम झालेले इंजिन दुसऱ्यांदा ऑइल खाऊ लागते तेव्हा मी सर्वांत आधी एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंतचा) रबरी होज काढायला सांगतो. त्याच्या आत बोट फिरवावे. बोटाला लाल पूड लागली तर गाळल्याशिवाय हवा आत जात आहे. आपल्या भागातील धूळ ही साधी माती नसते, तिच्यात लोहखनिजाचे आणि जांभ्या दगडाचे बारीक कण असतात. ते पिस्टन रिंग आणि लायनर यांच्यामध्ये सापडले की पॉलिश पेपरसारखे काम करतात. अशी झीज लायनरच्या वरच्या भागात, जिथे वरची रिंग फिरून परतते तिथे, सर्वाधिक दिसते. नखाने चाचपले तर कडा लागते. त्याच कणांनी टर्बोच्या कंप्रेसर व्हीलच्या पात्यांच्या कडाही बोथट होतात, म्हणून होज काढलाच आहे तर टॉर्चने तेही पाहून घ्यावे.

दुसरा मुद्दा ऑइल प्रेशरचा. गरम इंजिनात काटा खाली येतो तो बहुतेक वेळा बेअरिंगची मोकळीक वाढल्यामुळे, पण पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह किंवा प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळाचा सेंडरही कारण असू शकतो. त्यामुळे आधी मेकॅनिकल गेज लावून खरे प्रेशर पाहावे. निळा धूरही केवळ रिंगांचा असतो असे नाही. व्हॉल्व्ह गाइड झिजले किंवा टर्बोचे सील गेले तरी तो येतो. मात्र ब्रीदरमधून सतत धूर आणि सकाळी चालू व्हायला त्रास ही दोन लक्षणे एकत्र आली की रिंग-लायनरवरच संशय जातो.

बांधायचे की बदलायचे याचा निकाल ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) देतात. लायनर, पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट या बदलायच्याच वस्तू आहेत. ब्लॉकला तडा नसेल, मेन बेअरिंगची भोके एका रेषेत असतील, वरचा चेहरा सपाट असेल आणि क्रँक अजून एका घासणीला (झिजलेला पृष्ठभाग घासून साफ करण्याला) पुरत असेल, तर ते इंजिन पुन्हा बांधण्यासारखे आहे. यांपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या असतील तर मीच गिऱ्हाइकाला दुसरे इंजिन पाहायला सांगतो. म्हणून मेस्त्रींकडून मोघम दीड लाख ऐकून निर्णय करू नका. इंजिन उघडायचे, धुवायचे, मोजायचे आणि मगच आकडा मागायचा.

कागदपत्र मदत (३ जून)

यांत्रिक बाजू जाणकार सांगत आहेतच, मी कायद्याची बाजू मांडतो, कारण दुसरे इंजिन बसवणारे पुष्कळ मालक तिथेच अडकतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि प्रत्यक्ष वाहन यांत तफावत चालत नाही. इंजिन बदलले की इंजिन क्रमांक बदलतो. पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलले गेले असेल तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून शुल्कासह आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) सादर करावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती हवी. भंगारवाल्याकडून इंजिन घेताना पक्के बिल, ज्या गाडीतून ते काढले तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी रद्द झाल्याचा कागद मागून घ्यावा. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर त्या इंजिनाला हातही लावू नये, कारण ते चोरीच्या गाडीचे निघाले तर जबाब आपल्याला द्यावा लागतो. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षकही इंजिन क्रमांक पाहतो, हे लक्षात ठेवावे.

स्वतःचेच इंजिन बांधले तर क्रमांक तोच राहतो आणि यांतले काहीच करावे लागत नाही.

चोर्ला घाट (३ जून)

कागदपत्र मदत यांचा मुद्दा मान्य. चुलतभावाने सगळे कागद केले होते, आणि त्यात त्याचे पुष्कळ दिवस गेले हेही खरे आहे. तरीही माझे म्हणणे असे की चांगला लेथ आणि प्रामाणिक मेस्त्री प्रत्येकाच्या जवळ नसतो. घाईघाईने बांधलेले इंजिन हे कंपनीत बांधलेल्या आणि पुन्हा न उघडलेल्या जुन्या इंजिनापेक्षा वाईट ठरू शकते. मूळ बांधणीचे, सील न तुटलेले इंजिन मिळाले तर ते मी आजही पसंत करीन.

हिशेबनीस वाळपई (४ जून)

आमच्या घरच्या दोन गाड्यांचा हिशेब मी ठेवते, त्यामुळे माझा प्रश्न इंजिनाचा नाही, ट्रकचा आहे. डिचोलीकर, आपला ट्रक अजून किती वर्षे चालवायचा विचार आहे आणि त्याच्या चॅसीची स्थिती काय आहे?

राष्ट्रीय परवाना दोन ॲक्सलच्या ट्रकला बारा वर्षांपर्यंतच मिळतो, म्हणजे हा ट्रक आता गोव्याबाहेरचे भाडे त्या परवान्यावर करू शकत नाही. आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील अवजड वाहनांचे फिटनेस नूतनीकरणाचे शुल्क एकदम १२,५०० रुपयांवर नेण्यात आले होते. आपल्या गाडीच्या वयाला आज काय दर लागतो तो कार्यालयात विचारून हिशेबात धरा. याउलट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या व्यावसायिक वाहनाच्या मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे.

चॅसी आतून गंजली असेल, मागच्या स्प्रिंगचे हँगर ज्या क्रॉस मेंबरला आहेत तिथे रिव्हेट सैल झाले असतील, केबिनचा तळ गेला असेल, तर त्यावर दीड लाखाचे इंजिन चढवणे म्हणजे पाया खचलेल्या घरावर नवी कौले घालणे. खनिजाच्या काळात या गाड्यांनी किती ओझे वाहिले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून इंजिन उतरवल्यावर चॅसीही धुऊन, हातोडीने ठोकून तपासा. इंजिन बाहेर असताना पुढचा अर्धा भाग जितका स्पष्ट दिसतो तितका एरवी दिसत नाही.

माझा साधा नियम असा आहे: इंजिनाचा एकूण खर्च, क्लच, रेडिएटर आणि पंप-नोझलसह, महिन्याच्या निव्वळ शिलकीने भागावा. निव्वळ म्हणजे डिझेल, पगार, टायर, विमा, कर हे सगळे वजा जाता हातात उरते ते. भागाकारातून येणारे महिने हे गाडी कायदेशीर आणि सुरक्षित चालण्याच्या महिन्यांच्या निम्म्यापेक्षा कमी असतील तर खर्च करावा.

सावर्डेकर (४ जून)

हिशेबनीस ताईंचा नियम कागदावर चोख आहे, पण महिन्याची शिलक कोणती धरायची? पावसाळ्यातील की मे महिन्यातील? २०१२मध्ये ज्यांनी खाणींच्या भाड्याच्या भरवशावर हिशेब केले होते त्यांच्या गाड्या अंगणात गंजल्या. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा तेच झाले. आमच्या सावर्डे-कुडचडे पट्ट्यातील कित्येक घरांनी ते दोनदा भोगले. त्यामुळे खाणी पूर्ण जोमाने चालू होतील ही आशा आकड्यांत घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

हिशेबनीस वाळपई (४ जून)

सावर्डेकर, आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे. वर्षभराची शिलक घेऊन तिला बाराने भागायचे, आणि त्यात फक्त आज हातात असलेली बांधकामाची भाडी धरायची.

मडगावचा मोटारवाला (५ जून)

तिसऱ्या मार्गाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. टाटा मोटर्सच्या प्रोलाईफ योजनेत जुने इंजिन जमा करून कंपनीने पुन्हा बांधलेले इंजिन हमीसह घेता येते. फायदा असा की मापे कंपनीची असतात आणि लेथ शोधत फिरावे लागत नाही. मात्र आपण जमा करायचे इंजिन ठराविक स्थितीत असावे लागते; ब्लॉक फुटलेला किंवा क्रँक तुटलेला असेल तर किंमत बदलते. शिवाय येणारे इंजिन कोणत्या स्वरूपात येते, म्हणजे हेड, पंप, टर्बो त्यात आहेत की आपले जुनेच त्यावर चढवायचे, हे लेखी विचारून घ्या. पुष्कळ वेळा दरातील फरक तिथेच दडलेला असतो. इंजिन क्रमांकाचे कागदही आधीच ठरवून घ्यावेत.

कापशेंचा नाखवा (५ जून)

एक वेगळी कल्पना मांडतो. कोणी ६९७ काढून कमिन्सचे ६बीटी बसवले आहे का? ५.९ लिटरचे ते इंजिन टाटाच्याच पुढच्या ट्रकांत आले आणि ताकदीला फार चांगले आहे. आमच्या ओळखीत बार्जवरच्या लोकांना त्या इंजिनाचा चांगला अनुभव आहे.

लेथमास्तर फोंडा (५ जून)

नाखवा, इंजिन म्हणून ते उत्तमच आहे. परंतु फाउंडेशन, बेल हाउसिंग, क्लच, रेडिएटर आणि सायलेन्सरचा पाइप हे सगळे बदलावे लागते, आणि वर कागदपत्र मदत यांनी सांगितलेले कलम ५२ अधिक कडकपणे लागू होते, कारण इथे केवळ क्रमांक बदलत नाही, इंजिनाचा प्रकारच बदलतो. शिवाय ६बीटीला मुळात लायनर नसतो, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले असतात. झीज झाली की बोअर मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन घालावा लागतो किंवा स्लीव्ह ठोकावी लागते. ६९७मध्ये लायनर काढून नवा घालण्याची जी सोय आहे ती तिथे नाही. वीस वर्षांच्या चिऱ्यांच्या गाडीसाठी हा खटाटोप मी सुचवणार नाही.

उद्यमनगर कोल्हापूर (६ जून)

आमच्याकडे गोव्यातून ब्लॉक आणि क्रँक नेहमी येतात. लेथमास्तरांच्या लेखनात एक भर घालतो. क्रँक घासायला देताना मापाइतकेच महत्त्व जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कडेच्या गोलाईला असते. ती गोलाई काटकोनात गेली तर घासलेला क्रँक दिसायला आरशासारखा असला तरी पुढे भरल्या गाडीत नेमका त्याच ठिकाणी तुटतो. घासण्यापूर्वी चुंबकीय तपासणी करून तडे पाहावेत आणि घासल्यावर ऑइलच्या छिद्रांची तोंडे मऊ करून ती भोके आतून ब्रशने साफ करावीत. नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होण्याचे कारण अनेकदा त्या भोकांत राहिलेली घासणीची पूड असते.

कनेक्टिंग रॉडचे मोठे टोकही मोजायला सांगा. ओढ खाऊन ते लंबगोल होते, आणि बऱ्याच ठिकाणी ते न मोजताच नवे बेअरिंग घातले जाते.

उसगावचा चालक (६ जून)

या चर्चेची प्रत काढून मी आमच्या गॅरेजच्या भिंतीवर लावणार आहे.

डिचोलीकर (१९ जून)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्या क्रमाने काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

लेथमास्तरांच्या सूचनेप्रमाणे सर्वांत आधी एअर क्लीनरचा होज काढला. बाहेरून तो धडधाकट दिसत होता. टर्बोकडच्या टोकाला क्लिपखाली, खालच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी भेग होती आणि ती इंजिन चालू असताना उघडत असावी. आतल्या भिंतीवर भेगेपासून टर्बोच्या तोंडापर्यंत लाल रेघ होती. मेस्त्रींनी ती पांढऱ्या फडक्याने पुसून वडिलांना दाखवली. कंप्रेसर व्हीलच्या कडा हाताला बोथट लागतात.

कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरमध्ये खाली आले होते, तिसऱ्या आणि चौथ्यात सर्वाधिक. त्यानंतर इंजिन उतरवून उघडले. लायनरचे मूळ माप ९७ मि.मी., तिसऱ्या सिलिंडरमध्ये वरच्या बाजूला ते ९७.३० भरले, तर खालच्या बाजूला जवळजवळ मूळ मापच आहे. ब्लॉक धुऊन तपासला. तडा नाही, चेहरा सपाट आहे, मेन बेअरिंगची भोके रेषेत आहेत. क्रँक आधीच्या कामात ०.५० मि.मी. घासलेला आहे. आता चरे पडले आहेत, पण ०.७५ला साफ निघेल असे लेथवाले म्हणतात. दोन रॉडची मोठी टोके लंबगोल निघाली. हेडला गळती नाही, परंतु गाइड सैल आहेत.

हिशेबनीस ताईंच्या सूचनेवरून चॅसीही धुतली. डाव्या बाजूच्या मागच्या हँगरजवळचे काही रिव्हेट सैल निघाले, बाकी चॅसी चांगली आहे. केबिनचा तळ पत्रा घालून आधीच केलेला होता.

आता नेमका प्रश्न असा आहे: ०.७५ला क्रँक घासून पुढे जावे, की नवा क्रँक घ्यावा? क्रँक नवा घेतला तर खर्च दीड लाखाच्या बराच वर जातो.

लेथमास्तर फोंडा (१९ जून)

होजमधील रेघ सापडली हे फार चांगले झाले. आपली मापेही तेच सांगतात: वर झीज आणि खाली मूळ माप, ही आत गेलेल्या धुळीचीच खूण आहे. आपण भंगारातील इंजिन आणून त्याच होजला जोडले असते तर ते किती टिकले असते याचा विचार चोर्ला घाट यांनीही करावा, असे मी अत्यंत आदराने म्हणेन.

क्रँकविषयी माझे मत असे: ०.७५ला साफ निघत असेल आणि तडे नसतील तर घासावा. त्यानंतर १.००ची आणखी एक पायरी उरते. ट्रकचे वय पाहता तेवढे पुरेसे आहे. लंबगोल झालेले दोन्ही रॉड दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलावेत.

उद्यमनगर कोल्हापूर (२० जून)

मी थोडा वेगळा विचार करतो. क्रँकच्या जर्नलच्या पृष्ठभागाला कठीणपणा दिलेला असतो आणि तो किती खोलीपर्यंत आहे यावर पुढची घासणी टिकते. ०.७५ला घासल्यावर कठीणपणा मोजून घ्यावा. तो पुरेसा भरला तर लेथमास्तर म्हणतात तसेच करावे. कमी भरला तर नवा क्रँक किंवा कंपनीच्या बदली इंजिनाचा विचार करावा. नुसत्या डोळ्यांना साफ दिसणे हे प्रमाण नाही.

चोर्ला घाट (२० जून)

होजबद्दल लेथमास्तरांचे म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. इथे ब्लॉक चांगला निघाला, मोजणारे लोक मिळाले आणि पावसाळ्याची सवडही आहे, तेव्हा बांधणेच योग्य ठरते. डिसेंबरमध्ये हाच प्रश्न आला असता तर मी माझ्या मतावर ठाम राहिलो असतो, कारण तेव्हा महिनाभर उभी राहिलेली गाडी गिऱ्हाईक घालवून बसते.

हिशेबनीस वाळपई (२० जून)

चॅसी चांगली निघाली याचा आनंद झाला. सैल रिव्हेट काढून त्या जागी वेल्डिंग करू देऊ नका. मापाचे हाय टेन्साइल बोल्ट घट्ट बसवून घ्या. चॅसीच्या लांब पट्टीवर वेल्डिंग केले की त्याच्या कडेने तडा जातो. टर्बोचा खर्च आपण यादीत लिहिलेला नाही, तोही धरून आकडा पुन्हा मांडा.

डिचोलीकर (२८ जून)

क्रँक ०.७५ला घासून झाला. चुंबकीय तपासणीत तडे नाहीत आणि कठीणपणाही ठीक भरला. त्यामुळे आपलेच इंजिन बांधायचे असे वडिलांनी आणि मी ठरवले आहे. लायनर-पिस्टन किट, बेअरिंग, दोन रॉड, हेडचे काम, ऑइल पंप, टर्बोचे नवे काडतूस (आतला फिरता भाग), होज आणि एअर क्लीनरचे घटक असा एकूण खर्च एक लाख नव्वद हजारांच्या आसपास जात आहे. ताईंच्या नियमाने वर्षाची शिलक बाराने भागून पाहिले तर तो दीड वर्षाच्या आत भरून निघतो, आणि हा ट्रक आम्ही किमान चार वर्षे चालवणार आहोत. पंप-नोझलचे काम आताच करावे की इंजिन चालवून पाहून नंतर करावे, याबद्दल मेस्त्री आणि पंपवाले यांची मते वेगळी आहेत.

लेथमास्तर फोंडा (२८ जून)

आताच करा. एखादे नोझल थेंब गाळत असेल तर ते डिझेल नव्या लायनरवरचे ऑइल धुऊन टाकते आणि रिंग बसण्याआधीच लायनर खराब होतो. पंप बेंचवर लावून सहाही लाइनचे डिझेल सारखे करून घ्यावे आणि कोणी कितीही आग्रह केला तरी पिकअपसाठी ते वाढवू देऊ नये.

मडगावचा मोटारवाला (२९ जून)

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये ऑइल भरून घ्या आणि डिझेल बंद ठेवून इंजिन नुसते सेल्फने फिरवत प्रेशर वर आलेले पाहा. टर्बो कोरडा फिरला तर नवे काडतूसही काही क्षणांत जाते.

डिचोलीकर (२९ जून)

दोघांचेही आभार, तसेच करतो. नव्या इंजिनावर सुरुवातीला गाडी किती भरावी? वडील म्हणतात पहिले काही दिवस रिकामीच फिरवावी.

लेथमास्तर फोंडा (२९ जून)

वडिलांना माझा नमस्कार सांगा, पण रिकामी फिरवू नका आणि उभी करून तासन्‌तास आयडलवरही ठेवू नका. रिंग लायनरवर बसण्यासाठी त्यांच्यामागे वायूचा दाब लागतो आणि तो ओझ्यावरच मिळतो. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत अर्धी भरून, साखळी-डिचोली-म्हापसा अशा सपाट रस्त्यावर, गिअर वेळेवर बदलत चालवावी. चढाला इंजिन दाबून ओढायला लावू नये. पहिल्या पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावा, जुने ऑइल स्वच्छ भांड्यात काढून त्यात धातूची चमक दिसते का ते पाहावे, आणि त्याच वेळी टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) तपासून होजच्या दोन्ही क्लिप पुन्हा आवळाव्यात.